अँटिबायोटिक काम का करत नाही? उत्तर पायाखालच्या मातीत आहे

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट येतो. ‘ई. कोलाय’ जंतू सापडलेला असतो. खाली लिहिलेले असते ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’, आणि औषधांच्या यादीत एकेका नावापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. अशा वेळी बहुतेक रुग्ण एकच प्रश्न विचारतात: “मी तर वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेतलेले नाही. मग माझ्या जंतूला रेझिस्टन्स आला कुठून?”

प्रश्न रास्त आहे, आणि आज तो विचारण्याला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा (२०२५ ते २०२९) जाहीर केला. त्यात आरोग्य खात्याबरोबर पशुसंवर्धन, शेती आणि पर्यावरण ही खातीही आहेत. तुमच्या लघवीच्या जंतूचा गोठ्याशी आणि शेताशी काय संबंध, असे वाटू शकते. संबंध आहे. तो समजण्यासाठी आधी अँटिबायोटिक मुळात कुठून आले ते पाहावे लागते.

तुमच्या औषधाचे मूळ गाव

अँटिबायोटिक म्हणजे कारखान्यात तयार झालेले रसायन, असा आपला समज असतो. गोळी कारखान्यातच बनते, पण बहुतेक वेळा तिचा मूळ शोध मातीत लागलेला असतो.

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन घ्या. त्याच्या मुळाशी असलेला जिवाणू १९५७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या बनातल्या मातीत मिळाला. घशासाठी आणि छातीसाठी सर्रास लिहिले जाणारे अझिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनपासून तयार केलेले औषध, आणि एरिथ्रोमायसिन आले फिलिपिन्समधल्या मातीतून. डॉक्सिसायक्लिनचे घराणे अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या शेतातले. आयसीयूतले व्हँकोमायसिन बोर्निओच्या जंगलातले. मेरोपेनेम ज्या कुटुंबातले आहे, त्याचा मूळ पुरुषही १९७० च्या दशकात मातीतल्या जिवाणूतच सापडला. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत मिळाले. ते बनवणारा जिवाणू दोन ठिकाणी सापडला होता: भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीत आणि एका कोंबडीच्या घशात.

यातले बरेचसे जिवाणू ‘स्ट्रेप्टोमायसिस’ या कुळातले. निसर्गातून मिळालेल्या अँटिबायोटिकपैकी सुमारे दोन तृतीयांश या एकाच कुळाने दिली. अपवादही आहेत. पेनिसिलिन बुरशीपासून आले, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे माणसाने प्रयोगशाळेतच घडवली.

स्ट्रेप्टोमायसिसला तुम्ही पाहिले नसेल, पण त्याचा वास तुम्हाला चांगला ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर तापलेल्या जमिनीतून येणाऱ्या मृद्गंधातला मुख्य घटक जिओस्मिन, आणि ते बनवण्यात स्ट्रेप्टोमायसिसचा मोठा वाटा असतो. या वासाने मातीतले बारीक किडे जवळ येतात, जिवाणू खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोहोचवतात.

पिंपरीच्या मातीने दिलेले औषध

हा शोध परदेशातच लागला असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. पेनिसिलिन देशात स्वस्तात बनावे हा मुख्य हेतू होता. पण तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी भारतातल्या मातीचे नमुने तपासत होते. पिंपरीच्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून त्यांनी बुरशीच्या आजारांवरचे ‘हॅमायसिन’ शोधले. १९६१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. जिवाणूला नाव मिळाले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’, आणि हॅमायसिनमधला ‘हॅ’ कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला.

जिवाणू हे औषध कशासाठी बनवतो?

आपल्यासाठी तर नक्कीच नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू राहतात. अन्न थोडे आणि खाणारे फार. स्ट्रेप्टोमायसिस बुरशीसारखे धागे पसरून वाढतो. अन्न संपत आले की तो स्वतःचेच जुने धागे विरघळवून त्यातून बीजाणू तयार करतो. त्या वेळी आयते अन्न आजूबाजूच्या जिवाणूंसमोर मांडले जाते. नेमक्या याच सुमाराला तो अँटिबायोटिक सोडू लागतो. अगदी कमी प्रमाणात हेच रेणू शेजाऱ्यांना निरोप पोहोचवायलाही वापरले जात असावेत, असे संशोधकांना वाटते.

आता प्रश्न असा की, शेजाऱ्याला मारणाऱ्या या विषाने तो स्वतः का मरत नाही? कारण विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच त्याने त्या विषापासून वाचवणारी जनुके बाळगलेली असतात. कुणी औषध बाहेर ढकलून देतो, कुणी ते तोडतो, कुणी औषध जिथे चिकटते ती जागाच बदलून टाकतो. हल्ला टिकून राहावा म्हणून शेजारीही अशीच ढाल मिळवतात. हा सामना कोट्यवधी वर्षे चालू आहे.

म्हणून रेझिस्टन्स ही माणसाने निर्माण केलेली गोष्ट नाही. कॅनडातल्या युकॉन भागात सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीत पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिनच्या कुटुंबांना दाद न देणारी जनुके मिळाली. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा पृथ्वीवर एकही दवाखाना नव्हता.

मग आपण काय केले?

ढाल आधीपासून होती. आपण तिला बाजारभाव मिळवून दिला.

तुमच्या रिपोर्टवरच्या ‘ईएसबीएल’कडे पुन्हा पाहा. हे एक एन्झाइम आहे. सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी औषधे ते तोडून टाकते. भारतात सर्वाधिक आढळणारा त्याचा प्रकार सीटीएक्स-एम या घराण्यातला. हे घराणे मुळात ‘क्लुव्हेरा’ नावाच्या जिवाणूचे. क्लुव्हेरा माती, पाणी आणि सांडपाण्यात राहतो आणि माणसाला क्वचितच आजारी पाडतो. त्याच्या गुणसूत्रात ही ढाल निमूट पडून होती. मग ती जनुकांच्या एका छोट्या फिरत्या वर्तुळावर, म्हणजे प्लाझमिडवर, चढली आणि आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायमध्ये येऊन बसली. जगभर सेफॅलोस्पोरिन औषधे भरमसाट वापरली जाऊ लागली, तेव्हा ही ढाल असलेलेच ई. कोलाय टिकले आणि वाढले.

समुद्राचीही अशीच कथा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनपासून जंतूला वाचवणारे ‘क्यूएनआर’ नावाचे एक जनुक ‘शेवानेला अल्गी’ या समुद्री जिवाणूकडून आले. सिप्रोफ्लॉक्सासिन मातीतले औषध नाही, ते माणसाने बनवले. तरीही त्यावरची ढाल निसर्गात हजर होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: रेझिस्टन्स तुमच्या शरीरात तयार झाला असेलच असे नाही. आधीच ढाल मिळवलेला ई. कोलाय अन्नातून, पाण्यातून, हातांवरून तुमच्या आतड्यात आला, काहीही त्रास न देता राहिला आणि एके दिवशी लघवीच्या मार्गात शिरला. तुम्ही गोळी घेतली नसेल, पण ज्या पाण्यात आणि मातीत तो वाढला, तिथे कुणीतरी घेतलेल्या, दिलेल्या किंवा फवारलेल्या औषधाचा अंश होता.

हे कागदावरचे तर्कट नव्हे. दिल्लीत २०१० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्यालगतच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक सापडले. मेरोपेनेमसारख्या राखीव औषधांना ते निकामी करते.

शिरवळकडे पाहिले तर

हे सगळे एका ठिकाणी डोळ्यांसमोर आणायचे तर शिरवळ चांगले उदाहरण आहे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातले हे गाव नीरेच्या काठी आहे. नदी ओलांडली की पुणे जिल्हा. मधून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे माणसांच्या दवाखान्यांइतकेच जनावरांचे उपचारही इथे रोजचे. आसपास शेती, दुभती जनावरे आणि कारखाने. आणि नीरा पुढे वीर धरणाकडे, मग भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. शेतातली माती आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत नाही, नदी आहे.

आता ही साखळी पाहा. ती फक्त शिरवळची नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाची असू शकते. गायीला कासदाह होतो, ज्याला अनेक ठिकाणी ‘दगडी’ म्हणतात. कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडली जाते किंवा इंजेक्शन दिले जाते. उपचार गरजेचाच असतो. पण औषधाचा काही भाग दुधात उतरतो आणि काही भाग शेण-मूत्रातून बाहेर पडतो. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा तर मोठा भाग न बदलताच बाहेर येतो. शेण शेतात जाते. तिथे मातीतल्या जिवाणूंपैकी ज्यांच्याकडे ढाल आहे ते टिकतात, आणि जवळ आलेल्या जंतूला ती ढाल देऊ शकतात.

दुसरा धागा फळबागांचा आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी शेतकरी अनेक वर्षे ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ फवारत आले. आटपाडी आणि माण भागातल्या बागायतदारांना हे नाव वेगळे सांगायला नको. त्यात असते काय? स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. एक क्षयरोगावरचे ऐतिहासिक औषध, दुसरे आजही माणसांना दिले जाणाऱ्या औषधांच्या घराण्यातले. ते बनत होते पिंपरीच्याच कारखान्यात. मातीतून काढलेले औषध आपण पुन्हा मातीत ओतले, पण निसर्गात कधीही नव्हते इतक्या मोठ्या प्रमाणात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने शेतीतील या मिश्रणावर टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचा मसुदा काढला, तो याच कारणाने.

यात शेतकऱ्याला किंवा पशुवैद्यकाला आरोपी करण्यात अर्थ नाही. बाग वाचली नाही तर कर्ज फिटत नाही, गाय वाचली नाही तर घर चालत नाही. आणि सर्दीसाठी डॉक्टरांकडे “जरा स्ट्राँग गोळी द्या” म्हणणारे आपणही याच साखळीचा दुवा आहोत.

नियमांनी फरक पडतो का?

पडतो, आणि याचा पुरावा आहे. कोलिस्टिन हे मातीतल्याच एका जिवाणूचे औषध. सगळी औषधे हरली की आयसीयूत ते वापरतात. तेच कोंबड्या आणि डुकरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यातून दिले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला निकामी करणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे ‘एमसीआर-१’ जनुक सापडल्याचे जाहीर केले. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन देणे थांबवले. त्यानंतर तिथल्या जनावरांमध्ये आणि माणसांमध्येही या जनुकाचे प्रमाण घटल्याचे दिसले. भारताने जुलै २०१९ मध्ये दूध, मांस, अंडी देणारी जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांत कोलिस्टिनला बंदी घातली. दूध, मांस, अंडी, मासे यांतील अँटिबायोटिकच्या अंशांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अधिक कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले.

माणसांच्या औषधांसाठी २०१४ पासून ‘शेड्यूल एच१’ आहे. त्या यादीतली औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघ हीच सूचना देते. कायदा आहे. अडचण अंमलबजावणीची आहे, आणि ती काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे.

नवीन औषध येईलच की!

हा दिलासा अर्धाच खरा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नफिथ्रोमायसिन’ जाहीर झाले. छत्रपती संभाजीनगरमध्ये संशोधन केंद्र असलेल्या वोखार्ड्ट कंपनीने ते विकसित केले. दवाखान्याबाहेर झालेल्या न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचे हे औषध आहे. त्याचे मूळ पुन्हा तेच, फिलिपिन्सच्या मातीतले एरिथ्रोमायसिन. पण त्यामागे सुमारे १४ वर्षांचे काम आहे. जंतूला ढाल मिळवायला इतकी वर्षे लागत नाहीत.

निसर्गाचे भांडार संपलेले नाही. मातीतले बहुतांश जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. ते मातीतच ठेवून वाढवण्याच्या नव्या पद्धतीतून २०१५ मध्ये ‘टेक्सोबॅक्टिन’ मिळाले. समुद्राच्या तळच्या गाळात ‘सॅलिनिस्पोरा’सारखे जिवाणू आहेत. त्यांच्यातला एक तर रिफाम्पिसिनच्या घराण्यातले रेणू बनवतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात अशा सूक्ष्मजीवांचे संग्रह जपले जातात. पण भांडारातून गोळीपर्यंतची वाट लांब आहे. म्हणून हातात असलेली औषधे टिकवणे हाच आजचा उपचार.

तुम्ही काय करू शकता?

*रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ आले तर घाबरू नका.* लघवीला जळजळ, ताप असे काहीच नसेल तर अनेकदा उपचारच लागत नाही. गर्भवती आणि लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण मात्र अपवाद. उपचार लागला तरी पर्याय असतात. फॉस्फोमायसिन हा त्यातला एक, स्पेनमधल्या मातीत १९६९ मध्ये सापडलेला. निवड डॉक्टरांवर सोडा.

*थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणे, उलट्या, गुंगी किंवा लघवी कमी होणे* यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालयात जा. अशा वेळी अँटिबायोटिक टाळणे हा शहाणपणा नव्हे.

*सर्दी, साधा खोकला, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते.* अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. “याला अँटिबायोटिक लागेलच का?” हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

*शक्य असेल तेव्हा कल्चरचा नमुना पहिल्या डोसआधी द्या.* नंतर दिला तर जंतू अनेकदा सापडत नाही.

*सांगितले तितकेच दिवस घ्या, कमी नाही आणि जास्तही नाही.* क्षयरोगात तर एकही दिवस चुकवू नका. उरलेली गोळी पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका, मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. टाकायची कशी ते औषध दुकानात किंवा रुग्णालयात विचारा.

*घरी जनावर असेल तर* माणसाची गोळी त्याला देऊ नका आणि त्याचे इंजेक्शन स्वतः आणून टोचू नका. उपचारानंतर दूध किती दिवस विकायचे नाही हे पशुवैद्यकाकडून विचारून घ्या आणि पाळा. दूध उकळल्याने जंतू मरतात, पण अनेक अँटिबायोटिकचे अंश तसेच राहतात. चांगले विरजण लावूनही दही वारंवार लागत नसेल तर दुधात औषध असण्याची एक शक्यता असते. इतर कारणेही असू शकतात, पण दूधवाल्याला विचारायला हरकत नाही. शेणखत नीट कुजवूनच शेतात टाका. कुजताना औषधाचे अंश आणि जंतू बरेच कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

*हात धुणे, स्वच्छ पाणी, वेळच्या वेळी लसी.* झालाच नाही त्या आजाराला अँटिबायोटिक लागत नाही.

ही औषधे कुणा एकाच्या मालकीची नाहीत. एखाद्या गावाने विहीर कशी वापरायची ते जसे मिळून ठरवावे लागते, तसे हे आहे. एकाने गढूळ केलेले पाणी सगळ्यांच्या घरात जाते. पुढच्या वेळी औषधाच्या पाकिटावर लाल रेघ दिसली, तर विकत घेण्याआधी एवढेच तपासा: ही गोळी डॉक्टरांनी तुमच्यासाठी, याच आजारासाठी लिहून दिली आहे ना?